नैराश्य ही श्रीमंतांची मिरास नव्हे

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की दरवर्षी वृत्तपत्रांतून एक ठरावीक मजकूर प्रसिद्ध होतो. ‘आपल्या मुलाला नैराश्य तर आलेले नाही ना?’ अशा थाटाचे त्याचे शीर्षक असते, खाली आठ-दहा लक्षणांची यादी असते आणि शेवटी पालकांना गोड उपदेश असतो की, मुलांशी रोज संवाद साधा, त्यांना भरपूर वेळ द्या, सायंकाळी त्यांच्यासमवेत फेरफटका मारा. हे लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लक्षणेही बव्हंशी बरोबर दिलेली असतात. प्रश्न एवढाच की, हा उपदेश ज्याला उद्देशून केला जातो तो पालक कोण? फेरफटका मारण्यासाठी ज्याच्यापाशी सायंकाळ शिल्लक उरली आहे, असा पालक विचुंब्यात किती घरांत सापडेल?

विचुंबे हे पनवेल तालुक्यातील, गाढी नदीच्या बाजूचे गाव. शेजारी सिडकोने वसवलेले नवीन पनवेल. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे ‘नैना’ची, अधिसूचना निघाली आणि पहिल्या टप्प्यातील २३ गावांत विचुंब्याचे नाव गेले. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठ्या थाटात पार पडले. या साऱ्या काळात गावात दोन प्रकारची माणसे शेजारी-शेजारी राहू लागली. एक, ज्यांच्या आजोबांपाशी भाताची खाचरे होती आणि ज्यांच्यापाशी आज भूखंडाच्या कागदांची वाट पाहणे तेवढे उरले आहे. दुसरी, मुंबईत डोक्यावर छप्पर घेणे परवडत नाही म्हणून हप्त्याने किंवा भाड्याने येथे येऊन राहिलेली. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४९ किलोमीटर. लोकलने सव्वा तासाहून अधिक. घरापासून स्थानक आणि स्थानकापासून कचेरी धरली तर जाण्या-येण्यातच चार तास संपतात. जो मुंबईला जात नाही तो तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हजेरीपटावर बारा तास उभा असतो, आणि त्याची पत्नी नवीन पनवेल-खारघरच्या चार घरांतली धुणीभांडी आटोपून अंधार पडल्यावर परत येते.

अशा घरातला सोळा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. गेल्या वर्षापर्यंत तो शाळेतून आला की दप्तर फेकून मैदानावर पळत असे. आज तो घरीच असतो. मित्र हाका मारून थकले आणि येईनासे झाले. रात्री दोन-तीनपर्यंत तो जागा असतो, सकाळी उठवले की अंगावर धावून येतो. कधी डोके दुखते, कधी पोट. गावातला डॉक्टर आम्लपित्ताची गोळी देतो. अकरावीच्या पहिल्या चाचणीत तीन विषयांत नापास. बापाच्या मते पोराला मस्ती आली आहे आणि दोन ठेवून दिल्या की ती उतरेल. आईच्या मते कुणाची तरी नजर लागली. शेजारीण मोबाईलकडे बोट दाखवते. शिक्षक प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. सर्वांपाशी या मुलाच्या अवस्थेला देण्यासाठी एकेक नाव तयार आहे, आणि त्यांतील एकही नाव आजाराचे नाही.

हा मुलगा कल्पनेतला आहे. परंतु विचुंब्यात, देवदला किंवा सुकापूरला ज्याने शिक्षक म्हणून चार वर्षे काढली आहेत त्याला तो अनोळखी वाटणार नाही.

येथे प्रथम वैद्यकाचे जे म्हणणे आहे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण चुकीच्या अपेक्षेमुळेच बहुतेक घरांत हा आजार नजरेतून सुटतो. नैराश्य म्हणजे रडवेला चेहरा, अशी आपली कल्पना आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत ती काही अंशी खरी असते. वयात येणाऱ्या मुलांत मात्र खिन्नतेच्या जागी चिडखोरपणा दिसतो, आणि चिडणाऱ्या मुलाला कुणी आजारी म्हणत नाही, उद्धट म्हणतात. वय वाढताना प्रत्येकच मूल रुसते, दार आपटते, आईबापांना मूर्ख समजते. त्यात काही वावगे नाही. फरक ओळखायचा तो असा: हे वागणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकले आहे काय? घरात, शाळेत आणि मित्रांत, तिन्ही ठिकाणी ते दिसते काय? आणि पूर्वी ज्या गोष्टीत त्याचा जीव रमे, ती क्रिकेट असो, ढोल-ताशाचे पथक असो की नुसते नाक्यावर उभे राहणे असो, ती गोष्टही त्याने सोडून दिली आहे काय? घरच्यांशी अबोला धरणारा परंतु मित्रांत खिदळणारा मुलगा बहुधा केवळ वयात येत असतो. ज्याला मित्रही नकोसे झाले त्याच्याकडे लक्ष दिले पाहिजे. झोप फार वाढणे किंवा उडणे, जेवणाचे ताळतंत्र सुटणे, कारण सापडत नसताना अंग दुखणे, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी वाक्ये सहज बोलल्यासारखी येणे, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, या खुणा एकेकट्या क्षुल्लक वाटतात. एकत्र आल्या की त्यांचा अर्थ बदलतो.

मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी बिकट. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट होते, हे जगभरच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. परंतु मुलगा चिडतो, वस्तू फेकतो, निदान त्याच्याविषयी तक्रार तरी होते. मुलगी गप्प होते. ती भावंडांना जेवू घालते, पाण्याचे हंडे भरते, काही मागत नाही, उलट उत्तर देत नाही, हसत नाही. तिच्या या मौनाला आपल्या समाजात ‘गुणी मुलगी’ असे नाव आहे. आजारालाच सद्गुण मानून त्याचे कौतुक करणारी अशी दुसरी व्यवस्था शोधून सापडणार नाही. आणि ही व्यवस्था केवळ सनातन्यांच्या घरात नांदते असे मानण्याचे कारण नाही. सभेत स्त्रीमुक्तीचा ठराव मांडणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरीही पाहुण्यांना चहा आणून देणारी मुलगी बहुधा हीच असते.

आता दुसऱ्या आघाडीकडे वळले पाहिजे, आणि ही आघाडी बाहेरची नाही. डाव्या चळवळीत आजही असा एक जबरदस्त समज आहे की, नैराश्य, मानसोपचार, समुपदेशन हे सारे मलबार हिलचे चोचले आहेत. ज्याला दोन वेळची भ्रांत आहे त्याला उदास होण्यास फुरसत नसते. भुकेल्याला भाकरी द्या, मन आपोआप जागेवर येईल. हे ऐकायला कणखर वाटते. वस्तुतः ही कष्टकऱ्यांच्या वेदनेची क्रूर थट्टा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या करणाऱ्यांतील सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा आहे. एकूण संख्येच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत पहिल्या क्रमांकाचा होता. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. देशाच्या हिशेबाने ही संख्या ९८ लाखांच्या घरात जाते. हे सारे मलबार हिलवर राहतात काय?

अर्थात प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्याचा आजारच असतो असे म्हणणे हीही लबाडीच ठरेल, आणि ही लबाडी सरकारला फार सोयीची आहे. २०१५ साली लातूर जिल्ह्यात दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जीव दिला, एस.टी.च्या पासासाठी लागणारे २६० रुपये घरात नव्हते. त्यानंतर दुष्काळी भागातील मुलींना मोफत पास देण्याची घोषणा झाली. त्या मुलीला समुपदेशकाच्या आधी पास हवा होता, हे कोण नाकारील? परंतु पास मिळण्यापूर्वीचे कित्येक दिवस ती काय बोलत होती, किती जेवत होती, कुणाशी बोलणे टाकले होते, हे कुणी पाहिले काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. दारिद्र्य मनावर घाव घालते. तो घाव चिघळून आजार झाला म्हणजे नुसते दारिद्र्य हटवून तो बरा होत नाही, जसा कुपोषणातून जडलेला क्षय नुसत्या भाकरीने बरा होत नाही. क्षयरोग्याला ‘क्रांती झाल्यावर ये’ असे कुणी कॉम्रेड सांगत नाही. त्याला औषध मिळवून देतो आणि रेशनसाठी मोर्चाही काढतो.

या बाबतीत मार्क्सचे नाव घेऊन नाक मुरडणाऱ्यांनी खुद्द मार्क्स वाचलेला नसतो. १८४६ साली, जाहीरनाम्याच्या दोन वर्षे आधी, त्याने पॅरिसच्या पोलीस दप्तराचा रक्षक असलेल्या झाक प्यूशे याच्या आठवणींतील आत्महत्यांविषयीचा भाग जर्मनमध्ये आणला आणि त्यात स्वतःची भर घातली. त्यासाठी त्याने उपासमारीने मेलेले कामगार निवडले नाहीत. त्यातील चारपैकी तीन प्रकरणे स्त्रियांची आहेत आणि त्यांना छळणारा मालक कारखान्यात नसून घरात आहे. एक प्रकरण शिंप्याच्या मुलीचे. ठरलेल्या नवऱ्याच्या घरी एक रात्र राहून ती परतली, तर आईबापांनी चारचौघांत तिची अशी विटंबना केली की तिने जगणे नाकारले. त्यावर मार्क्सने जो अभिप्राय दिला आहे त्याचा आशय असा की, बाहेरच्या समाजात ज्यांना सतत मान तुकवावी लागते तीच भित्री माणसे घरात पितृत्वाचा अधिकार हाती आला की निर्दय होतात; बाहेरच्या गुलामीचे उट्टे ती मुलांवर काढतात.

पावणेदोनशे वर्षे लोटली तरी हे निदान जुने झालेले नाही. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात वैद्यकीय प्रवेशाच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाने सतरा वर्षांच्या मुलीला मारहाण केली आणि ती मरण पावली. बाप स्वतः शाळेचा मुख्याध्यापक. हे नैराश्याचे प्रकरण नव्हे. परंतु ज्या घरात गुणपत्रिका हेच मुलाचे मोल मानले जाते त्या घरात मूल आपली वेदना कुणापुढे उघडी करील? तळोज्यात ठेकेदाराच्या शिव्या गिळून घरी आलेला कामगार पोराच्या कानाखाली वाजवतो तेव्हा त्याला वाटते, आपण त्याला वळण लावतो आहोत. तो फक्त ठेकेदाराची शिवी पुढे पाठवत असतो. हे त्याला दोष देण्यासाठी म्हणावयाचे नाही. परंतु युनियनने त्याला पगारवाढीची भाषा शिकवली, ही गोष्ट कधी सांगितली काय?

समाजवादी चळवळीला तर या विषयात मौन बाळगण्याचा अधिकारच नाही. ज्यांनी मुलांवर माया करायला अवघ्या महाराष्ट्राला शिकवले, त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे आयुष्य संपवले. त्यांच्या मृत्यूचा अर्थ स्वातंत्र्योत्तर भ्रमनिरासात शोधण्यात आला, त्यावर भाषणे झाली, लेख आले. त्यात तथ्य नसेलच असे नाही. पाऊणशे वर्षांनंतर कुणी त्यांच्या मनाचे वैद्यकीय निदान करू लागणे हा उद्धटपणा होईल. तथापि एक गोष्ट विचारल्यावाचून राहवत नाही: इतक्या संवेदनशील माणसांचा गोतावळा ज्यांच्याभोवती होता, त्यांचे एकाकीपण त्या गोतावळ्याला थोपवता आले नाही, ते का? दुःखाला ध्येयवादाचे वस्त्र नेसवले की त्याची पूजा करता येते, त्याच्यावर इलाज करण्याची गरज वाटत नाही. ही सवय चळवळीने अजून सोडलेली नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरातील मुलाने ‘मला कशातच अर्थ वाटत नाही’ असे म्हटले तर त्याच्या हाती अजूनही एखादे प्रेरक चरित्र ठेवले जाते.

सरकारचा हिशेब मांडायला फार वेळ लागत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा, जिल्हा कार्यक्रम १९९६ सालचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १८ ने प्रत्येक नागरिकाला सरकारी खर्चाने चालणारी मानसोपचार सेवा मिळण्याचा हक्क दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा न करण्याची तरतूद कलम ११५ मध्ये आहे. म्हणजे आता कोणत्याही घराने पोलिसांच्या भीतीने मुलाला रुग्णालयात नेणे लांबवण्याचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा समाजसेवक नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, असे निर्देश दिले. कागदावर उणे काही नाही. प्रत्यक्षात रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. विचुंब्याच्या बाईने पेण आणि वडखळ ओलांडून, एक दिवसाची मजुरी बुडवून, न बोलणाऱ्या मुलाला एस.टी.त बसवून तेथे न्यायचे, आणि पुढच्या तारखेला पुन्हा जायचे. विमानतळाला जोडणारे रस्ते जितक्या तातडीने आखले गेले त्याच्या शतांश तातडीने तालुक्याच्या ठिकाणी मुलांसाठी मानसोपचाराचा नियमित बाह्यरुग्ण विभाग का उघडत नाही, याचे उत्तर आमदारांना जाहीर सभेत विचारले गेले पाहिजे.

‘तज्ज्ञच नाहीत, करणार काय?’ हे सरकारी उत्तर ठरलेले आहे. ते अर्धसत्य आहे. मानसोपचारतज्ज्ञ अपुरे आहेत हे खरे. परंतु विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, त्यात गावातल्याच सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्य ओळखण्याचे, बोलून आधार देण्याचे आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरकडे पाठवण्याचे काम सोपवले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तो प्रकल्प प्रौढांसाठी होता आणि शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून असेच काम त्याही आधी करून दाखवले होते. आशाताई आणि अंगणवाडीताई हे काम करू शकतात. मात्र त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर फुकटात लादून नव्हे. त्यांना कायम नोकरी आणि पुरेसे वेतन देऊन. आशांच्या वेतनाचा लढा आणि विचुंब्यातल्या त्या मुलाचा प्रश्न येथे एकत्र येतात, आणि ही गोष्ट पक्षाच्या कार्यकर्त्याखेरीज दुसरे कोणी लोकांना समजावून सांगणार नाही.

तोपर्यंत घरात काय करायचे? बारा तास राबणाऱ्या माणसाला ‘वेळ द्या’ म्हणणे व्यर्थ असले तरी दहा मिनिटे त्याच्याही हाती असतात. त्या दहा मिनिटांत गुण, फी, मोबाईल आणि शेजारचा हुशार मुलगा हे चार विषय वर्ज्य करावेत. जवळ बसावे. ‘तुला बरे वाटत नाही असे दिसते’ एवढेच म्हणावे आणि उत्तर आले नाही तरी उठून जाऊ नये. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरतात ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारले म्हणून मुलाला बोलण्याची वाट सापडते. उत्तर होकारार्थी आले तर त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये, घरातली कीटकनाशके आणि औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी आणि दुसऱ्या दिवसाची हजेरी बुडाली तरी डॉक्टर गाठावा. पैसे न पडता रात्री-बेरात्री मराठीत बोलता येईल असा सरकारी दूरध्वनी १४४१६ हा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही टेलिमानस सेवा सुरू आहे आणि पनवेलच्या रेल्वे स्थानकावरील गर्दीत शंभर माणसांना विचारले तर तिचे नाव किती जणांना ठाऊक असेल, हा प्रयोग कुणीही करून पाहावा. औषधे सुरू झाली की ‘व्यसन लागेल’ म्हणून ती आठवड्यात बंद करणारे पालक पुष्कळ आहेत. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांची चटक लागत नाही, आणि ती डॉक्टरला विचारल्यावाचून थांबवणे धोक्याचे असते. सौम्य आजारात नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही मुले सावरतात.

एक अडचण राहतेच, आणि ती दडवण्यात अर्थ नाही. आपले मूल मनाने आजारी आहे हे मान्य करणे म्हणजे आपण आईबाप म्हणून हरलो, असे कष्टकरी माणसाला वाटते. कारण मूल शिकून वर येईल या एकाच आशेवर त्याने ते बारा तास सोसलेले असतात. ती आशा त्याच्या एकट्याच्या डोक्यातली नाही. एका मुलाने शिकून सुटावे आणि बाकी व्यवस्था आहे तशी राहावी, हा करार त्याच्याकडून भांडवली समाजाने करून घेतला आहे आणि त्याची किंमत सोळा वर्षांच्या मुलाकडून वसूल होते. मुलाला त्या करारातून मोकळे करायचे तर बापाला आधी कुणीतरी सांगावे लागेल की, तो हरलेला नाही. हे काम शाखेचे आहे. विचुंबे, देवद, उसर्ली या पट्ट्यात आशाताई, एखादा शिक्षक आणि एखादा डॉक्टर यांना घेऊन महिन्यातून एका रविवारी पालकांची बैठक बोलावणे, येत्या ग्रामसभेत शाळेतील समुपदेशकाचा आणि पनवेलच्या बाह्यरुग्ण विभागाचा ठराव मांडणे, तळोज्यातील कारखान्यांच्या दारांवर लागणाऱ्या युनियनच्या फलकांवर द्वारसभेच्या वेळेखाली १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिणे, यांपैकी कोणत्याही कामाला वरिष्ठ समितीच्या मंजुरीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.